काउंटर दोनपासून

२४ डिसेंबर. स्लेपिच्की, सासुरवाडी.

जेवताना टेबलावर कल्पना सुचली. तारीख आणि जागा मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे मुलाखतीत कोणी विचारलं तर आठवत नाही असं व्हायला नको.

नाताळच्या आदल्या संध्याकाळचं टेबल नेहमीसारखंच. सासूबाई, सासरे, यार्मिला आणि मी. माणसं चार, ताटं पाच. पाचवं ताट अवचित येणाऱ्या पाहुण्याचं. आजवर एकदाही कोणी आलेलं नाही. येणार कसं? आज संध्याकाळी अख्खा देश आपापल्या टेबलाला चिकटलेला असतो, आणि जेवण संपेपर्यंत उठायचं नाही असा नियम. जो उठेल तो वर्षभरात जातो म्हणे. बसणाऱ्यांची संख्या सम हवी, विषम झाली तरी एक जण जातो. राखीव ताट मोजत नाहीत. सासूबाई गावच्या सरपंच आहेत, त्यामुळे नियम पाळणं आणि पाळायला लावणं, दोन्ही त्यांना मनापासून आवडतं.

मी कार्प माशाचे काटे काढत त्या रिकाम्या ताटाकडे बघत होतो आणि डोक्यात एकदम लख्ख झालं. कर्नेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या गाभ्याच्या प्रोग्रॅममध्ये, ऑब्जेक्ट तयार करणारं एक फंक्शन असतं, इनिट. ते ऑब्जेक्टला नाव देतं आणि त्याचा काउंटर एकवर ठेवतं. कोणी वापरायला घेतलं की काउंटर एकाने वाढतो, सोडलं की एकाने उतरतो. शून्य झाला की ऑब्जेक्ट मोडीत. पण कोणी चुकून लवकर सोडलं तर? वापरणारा वापरतोय आणि ऑब्जेक्ट गायब, मशीन आडवं. जगभरचे विद्वान यावर इतकी वर्षं डोकं फोडताहेत. उपाय समोर टेबलावर होता. काउंटर एकपासून नाही, दोनपासून सुरू करायचा. एक राखीव.

तिथेच सांगणार होतो. यार्मिला म्हणाली, ओता, तंद्री लागली असेल तर आधी बटाट्याचं सॅलड इकडे सरकव.

२५ डिसेंबर

सासूबाईंच्या घरात शिरलं की बूट काढायच्या जागेवर भिंतीवर एक फ्रेम आहे. मीच भेट दिलेली. कर्नेलचा कोणता भाग कोण सांभाळतं याची यादी म्हणजे मेंटेनर्स फाईल, तिच्यातला एक तुकडा आत छापलाय. गावभोंगा कार्डाचा ड्रायव्हर. सांभाळणारा: ओताकर झापलेतल. स्थिती: सांभाळला जातो.

गावचा भोंगा म्हणजे खांबाखांबावरचे कर्णे. आधी बँडवर पोल्का, म्हणजे नाचाची धून, वाजते, मग सासूबाई सांगतात की उद्या पाणी येणार नाही, पुन्हा पोल्का, आणि चॅनेल बंद झालं की शांत. त्याचं कार्ड शेजारच्या गावातल्या एका सहकारी कारखान्याने केलं आणि लगेच कारखानाच बंद पडला. कार्ड आलं, पण कॉम्प्युटरला ते चालवता यावं यासाठी लागणारा ड्रायव्हर नाही. तेव्हा माझं आणि यार्मिलाचं जमत आलं होतं, सासूबाईंचं मत जमत नव्हतं. मी ड्रायव्हर लिहून दिला. तो कर्नेलमध्ये गेला, आणि मी या घरात.

ब्रनोच्या ऑफिसात मी प्रिंटर दुरुस्त करतो. लोकांना वाटतं मी तेवढाच आहे. वाटू दे. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे जगात राहील ती ही ओळ. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही, इथे लिहितो.

संकल्प: येत्या ईस्टरच्या आत माझं इनिट कर्नेलमध्ये.

२ जानेवारी

संकल्प वाढवला. फक्त भोंग्याच्या ड्रायव्हरपुरतं कशाला? अख्ख्या कर्नेलमधली सगळी इनिट फंक्शनं सुधारायची. सगळीकडे सुरुवातच चुकली आहे. शिवाय बिअर कमी, रोज सकाळी धावणं, आणि यार्मिलाच्या आईशी आदराने वागणं.

धावायला गेलो होतो. बर्फ होता. उद्यापासून.

९ जानेवारी

पाठवला. कोडमधल्या चौसष्ट दुरुस्त्यांचा, म्हणजे पॅचांचा, गठ्ठा. कर्नेलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर तर पाठवलाच, पण कोणी राहून जायला नको म्हणून मेंटेनर्स फाईलमधल्या झाडून सगळ्यांना वेगळा पाठवला. नव्या फंक्शनचं नाव झापलेतल_इनिट.

प्रतिसाद अफाट. पहिल्या तासातच शंभराच्या वर लोकांची उत्तरं. बहुतेक सुट्टीवर आहेत, पण तेवढं आवर्जून कळवलं त्यांनी.

११ जानेवारी

आज सविस्तर प्रतिक्रिया आली. "नमस्कार ओताकर, तुमच्या पॅचबद्दल आभार." टेस्टिंगच्या रोबोटची आहे. पुढे म्हणतो कोड बिल्डच होत नाही आणि खाली एररची जंत्री. पण आधी आभार. आमच्या ऑफिसात माणसंसुद्धा एवढं करत नाहीत.

१३ जानेवारी

ब्रेमेनहून वीबके टामेनबाईंचं उत्तर. लहानसहान ड्रायव्हरांचे पॅच याच बाई घेतात किंवा घेत नाहीत. चार मुद्दे काढले. एक, मेल रंगीत अक्षरांत आहे, साधा पाठवा. दोन, उत्तर देताना ज्याला उत्तर देताय त्या वाक्याच्या खाली लिहा, डोक्यावर नाही. तीन, फंक्शनला माणसांची नावं देत नाहीत. चार, काउंटर दोनपासून का?

चौसष्ट पॅचवर फक्त चार हरकती. म्हणजे साठ मंजूर. यार्मिलाला तसं सांगितलं. ती म्हणाली, हिशेब असाच करत असशील तर लाइटबिल यापुढे मी भरते.

२१ जानेवारी

दुसरी आवृत्ती गेली. अक्षरं काळी केली. फंक्शनचं नाव अंतिम_इनिट. दोनपासून का, हे समजावायला सोबत प्रस्तावना जोडली: राखीव ताटाची प्रथा, तिच्यामागची माणुसकी, कोणी न उठण्याचा नियम. लांबली थोडी. मनापासून लिहिली की लांबतेच.

२४ जानेवारी

लिस्टवर चर्चा पेटली आहे. ब्राझीलच्या एकाने विचारलं की नाताळचा कार्प तुम्ही खरंच बाथटबमध्ये जिवंत ठेवता का. मी हो म्हणालो. मग फिनलंडच्या एकाने विचारलं की मग तोवर अंघोळ कुठे. गेल्या दहा वर्षांत इनिट फंक्शनवर एवढी चर्चा झालेली नसेल. वीबकेबाईंनी मध्येच येऊन पुन्हा एकच ओळ लिहिली: पण दोन का?

बाई हुशार आहे, पण हट्टी.

४ फेब्रुवारी

पाचवी आवृत्ती रवाना. संध्याकाळी यार्मिलाने विचारलं, आज काय आहे? मी म्हणालो, पाचवी आवृत्ती. ती म्हणाली, आज माझा नामदिवस आहे, माझ्या नावाचा दिवस, कॅलेंडरवर छापलेला असतो, मी काम करते त्या औषधाच्या दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांनीसुद्धा मला फुलं दिली. मी म्हणालो, फुलं उद्या. ती म्हणाली, ती त्या पाचव्या आवृत्तीला दे, आणि आज जेवायलाही तिलाच घेऊन जा.

डबा उघडून मासे खाल्ले.

१७ फेब्रुवारी

वाईट दिवस. सातव्या आवृत्तीवर वीबकेबाई विचारतात: हे भोंगा कार्ड तुमच्याखेरीज जगात कोणी वापरतं का? कारखाना कधीच बंद पडलाय. तुमच्या पॅचमुळे आम्ही हा ड्रायव्हर पहिल्यांदाच उघडून बघितला. वापरणारं कोणी नसेल तर तो काढून टाकलेला बरा. असेल तर त्यांनी स्वतः लिस्टवर तसं लिहावं.

ड्रायव्हर गेला की मेंटेनर्स फाईलमधली नोंद जाते. म्हणजे मी जातो. दुपारभर एकही प्रिंटर उघडला नाही.

१८ फेब्रुवारी

घाबरण्यासारखं काही नाही. वापरणारं आहे. अख्खं गाव आहे, आणि त्याची सरपंच माझी सासू आहे.

फोन केला. सांगितलं, एक छोटा मेल लिहायचाय. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, आधी मला गटाराच्या पाइपाचं बघायचंय, मग कार्निव्हलचं, मग तुमचं. मी म्हणालो, दोन ओळींचं काम आहे, फक्त लिहा की आम्ही हा ड्रायव्हर वापरतो आणि तो छान चालतो. त्या म्हणाल्या, वापरतो ते लिहीन. छान चालतो की नाही ते मी ठरवीन.

लग्नाआधी मी त्यांना समजावलं होतं की कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरची ग्रामपंचायत, सगळं तिच्या परवानगीने. तेव्हापासून कर्नेलबद्दल त्यांना आदर आहे. माझ्याबद्दलही वेगळा असेलच.

६ मार्च

मेल अजून नाही. फोन केला. सासूबाई म्हणाल्या, लिस्टवर लिहायचे नियम आहेत ते तुम्ही मला सांगितले नाहीत. मी म्हणालो, कोणी पाळत नाही. त्या म्हणाल्या, मी वाचले, सगळे पाळतात, तुम्ही पाळत नाही. पंचायतीच्या प्रिंटरवर सगळे नियम छापून घेतलेत म्हणे आणि रोज थोडे वाचतात. तुमचे जुने मेलही वाचतेय, म्हणाल्या.

मेलचं कौतुक करतील असं वाटलं होतं. फोन ठेवला.

२२ मार्च

वीबकेबाईंचा नवा मुद्दा: खऱ्या कार्डावर हे चालवून बघितलंय का? नववी आवृत्ती आहे आणि आता विचारतात. मी कळवलं की तत्त्वतः हो. त्या म्हणाल्या, तत्त्वतः म्हणजे नाही.

ठीक आहे. स्लेपिच्कीच्या मशीनवर नवा कर्नेल टाकतो. खरं कार्ड, खरं गाव, खरे कर्णे. मग कोण काय म्हणेल?

१२ एप्रिल. स्लेपिच्की.

टाकला. सासूबाई जिल्ह्याच्या बैठकीला गेल्या होत्या, ते बरं झालं, मागे उभं राहून कोणी विचारणारं नव्हतं. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जुना कर्नेल पुसून टाकला, दोन दोन ठेवले की घोळ होतो. भोंगा वाजवून बघितला नाही, शनिवारी दुपारी गाव झोपतं आणि सासरे तर झोपतातच. पण एरर एकही नाही. दहाव्या आवृत्तीवर "खऱ्या कार्डावर चालवून बघितलं" असं लिहून टाकलं.

येताना सासूबाईंच्या दारात फ्रेमवरची धूळ पुसली. नाव छान दिसतं.

१६ एप्रिल

सकाळी सासूबाईंनी भोंग्यावर सांगितलं की शनिवारी चौकात तलंगा विकायला येणार आहेत, अंडी सुरू व्हायच्या बेतातल्या, खोकी घरून आणावीत. आधी पोल्का, मग तलंगा, मग पोल्का.

जेवणाच्या सुट्टीत फोन. जावईबापू, थांबत नाहीये, म्हणाल्या. मागे पोल्का ऐकू येत होती. मी म्हणालो, थांबेल. त्या म्हणाल्या, मीही तेच म्हणाले होते, सकाळी.

१७ एप्रिल

थांबलेली नाही. आज ईस्टरआधीचा गुरुवार. आजपासून चर्चच्या घंटा बंद. घंटा रोमला उडून गेल्या असं म्हणायचं आणि शनिवारपर्यंत गावात आवाज नाही, फक्त पोरं लाकडी खुळखुळे घेऊन फिरतात. पाद्रीबाबांनी सासूबाईंना फोन करून विचारलं, घंटा गेल्या त्यांच्यासोबत तुमचा बँडही पाठवता आला नसता का?

मी सल्ला दिला, मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. केलं. पोल्का पहिल्यापासून सुरू झाली, तलंगाही. अर्धवट राहिलेली घोषणा मशीन सुरू झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून लागावी ही सोय मीच करून ठेवली होती. त्या वेळी सासूबाईंनी खूप वाखाणली होती.

मशीन बंदच ठेवा म्हणालो. त्या म्हणाल्या, आगीचा आणि पुराचा सायरन त्याच मशीनवर आहे, जिल्ह्याच्या लेखी परवानगीशिवाय बंद ठेवता येत नाही, आणि जिल्हा मंगळवारी उघडतो. मी म्हणालो, नियम थोडा वाकवा. पलीकडून फक्त पोल्का ऐकू येत राहिली.

१८ एप्रिल. गुड फ्रायडे. स्लेपिच्की.

बसमधून उतरायच्या आधीच ऐकू आली. प्रार्थनेची मिरवणूक चालली होती, सगळे माना खाली घालून, पण पावलं तालात पडत होती. पाद्रीबाबांची सुद्धा. एक म्हातारी मला बघून शेजारणीला म्हणाली, हाच तो, द्राहोमिराचा जावई. कर्नेलमध्ये नाव असल्याचं गावभर झालेलं दिसतंय.

मशीन उघडून बघितलं. घोषणा संपली, वापरणाऱ्यांनी ऑब्जेक्ट सोडलं, काउंटर दोनवरून एकवर आला आणि तिथेच थांबला. शून्य होत नाही, म्हणून चॅनेल बंद होत नाही, म्हणून पोल्का. म्हणजे अगदी डिझाइनप्रमाणे चाललंय. तीन दिवस अखंड वापरात राहूनही ऑब्जेक्टच्या केसाला धक्का नाही. एवढं टिकाऊ ऑब्जेक्ट जगात दुसरं नसेल. मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग वीबकेबाईंनी पहिल्याच दिवशी जे विचारलं ते खरंच होतं.

यार्मिला म्हणाली, ओता, जुना कर्नेल परत टाक की. मी सांगितलं, पुसला. ती म्हणाली, काउंटरला एक राखीव ठेवलास आणि कर्नेलला नाही ठेवलास? याचं उत्तर तांत्रिक आहे, तिला कळलं नसतं.

दोनाचा एक करून नवा कर्नेल करायला एक दुपार पुरली असती. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय लॅपटॉप ब्रनोला राहिला.

१९ एप्रिल

गावातल्या बायकांनी शिड्या लावल्या आणि कर्ण्यांमध्ये उशा कोंबल्या. पिसांच्या, लग्नात मिळालेल्या. आवाज आता कमी आहे, पण खर्जात येतो, अंथरुणात पडल्यावर छातीत वाजतो. झोपायला उशी कोणाकडेच नाही.

सासरे मात्र खूश. कितीतरी वर्षांनी त्यांनी कानातलं यंत्र लावलंय. खुर्चीत बसून पायाने ताल धरतात. मला म्हणाले, पोरा, हे तुझं काम चांगलं झालं. या घरातली ही माझी पहिली शाबासकी. लिहून ठेवतो.

तलंगावाला आला आणि गेला. कोंबड्या खोक्याबाहेर यायलाच तयार नव्हत्या.

२१ एप्रिल. ईस्टरचा सोमवार.

आज पुरुषांनी विलो झाडाच्या छड्या घेऊन घरोघर जायचं, बायकांना हलकेच फटके द्यायचे आणि रंगवलेली अंडी घ्यायची. मी कोणाच्याही दारात गेलो नाही. वातावरण अनुकूल वाटलं नाही.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी अंगणात बोलावलं आणि माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. मी म्हणालो, दुपारनंतर बायकांनी पाणी ओतायची चाल पलीकडच्या खोऱ्यातली आहे, आपल्या गावात नाही. त्या म्हणाल्या, आजपासून आहे. शेजारच्या दोन कुंपणांवरून टाळ्या ऐकू आल्या. बँडमुळे नीट ऐकू आल्या नाहीत, पण होत्या.

२२ एप्रिल. ब्रनो.

जिल्ह्याची परवानगी आली. सासूबाईंनी मशीन बंद केलं. फोनवर पलीकडे इतकी शांतता होती की मला वाटलं लाइन तुटली. सासऱ्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं म्हणे.

पंचायत आता निरोप लोकांच्या मोबाइलवर पाठवणार. सायरनला वेगळी पेटी येणार. मी म्हणालो, भोंगा कायमचा बंद करू नका, नुसता दुरुस्तीला काढला म्हणा. आणि तो मेल तेवढा टाका. माझं नाव त्यावर अडकलंय. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मेल मी टाकणार म्हणाले होते ना, टाकते.

वाचलो. शेवटी घरची माणसं.

२५ एप्रिल

सासूबाईंचा मेल लिस्टवर आला. उतरवून घेतो. "मी स्लेपिच्कीची सरपंच. हा ड्रायव्हर वापरणारं जगातलं एकमेव गाव आमचं. आता आम्हीही तो वापरणं बंद केलं आहे. कृपया काढून टाकावा. जाता जाता विचारते: काउंटर दोनपासून का?"

साध्या अक्षरांत. बरोबर त्या वाक्याच्या खाली. ओळी नियमाप्रमाणे जिथे तुटायला हव्यात तिथे तुटलेल्या. वीबकेबाईंनी उत्तरात लिहिलं की मेल कसा असावा याचा हा नमुना आहे, नवीन लोकांनी बघून ठेवावा. ब्राझीलवाला म्हणाला, वा. मी चार महिन्यांत दहा आवृत्त्या पाठवल्या, मला वा कोणी म्हणालं नाही.

मात्र एक गोष्ट सुटलेली दिसते सगळ्यांच्या नजरेतून. दुसऱ्या वाक्यात त्यांनी वापरकर्ता असल्याचं कबूल केलंय. माझी केस मजबूत आहे.

२ मे

वीबकेबाईंनी पॅच पाठवला. एकच. विषय: गावभोंगा ड्रायव्हर काढणे. खाली दोन नावं. रिपोर्टेड बाय: ओताकर झापलेतल. टेस्टेड बाय: द्राहोमिरा वेचेर्झोवा.

मी हे रिपोर्ट केलेलंच नाही. तसं लिहिलं. वीबकेबाई म्हणाल्या, तुमच्यामुळे लक्षात आलं, श्रेय दिलंच पाहिजे. सासूबाईंनी टेस्ट काय केली विचारलं तर त्यांनी लिस्टवरच उत्तर दिलं, सगळ्यांदेखत, खालच्या बाजूला: मशीन चालू केलं, ड्रायव्हर नव्हता, भोंगा शांत.

रोबोटचंही आलं. एकही एरर नाही. माझं नाव असलेल्या पॅचवर तो हे पहिल्यांदाच म्हणाला.

९ जून

गेला. वीबकेबाईंचा पॅच मुख्य कर्नेलमध्ये गेला, म्हणजे ड्रायव्हर गेला.

सकाळी मेंटेनर्स फाईल उघडून बघितली. माझ्या वरची नोंद आणि माझ्या खालची नोंद आता एकमेकींना लागून आहेत. मध्ये जागासुद्धा नाही. कोणी नवीन बघेल त्याला कळणारही नाही की इथे कोणी होतं. खूप वाईट वाटलं. ऑफिसला कळवलं की पोट बिघडलंय.

यार्मिलाने विचारलं नाही. टोमॅटो सॉस आणि डम्पलिंग केले, माझ्या आवडीचे, आणि समोर बसली. मग म्हणाली, ओता, माझ्या आईला तू त्या ड्रायव्हरमुळे आवडलास असं तुला वाटतं ना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, आईला तू कधी आवडलाच नव्हतास, मला आवडलास म्हणून झालं लग्न. धीर द्यायला म्हणाली बिचारी. ड्रायव्हरचा वाटा ती कमी लेखते.

संकल्प: फाईलसिस्टमकडे वळायचं. तिथे सुधारणेला जास्त वाव आहे.

२४ डिसेंबर. स्लेपिच्की.

मधल्या काळात लिहिलं नाही. धावणं, फाईलसिस्टम वगैरे चालू होतं, म्हणजे व्हायचं होतं.

दारात बूट काढताना बघितलं, फ्रेम तीच पण आत कागद नवा आहे. वीबकेबाईंचा पॅच, सुबक छापलेला. खाली टेस्टेड बाय सासूबाईंचं नाव, त्याला पिवळी रेघ. नीट बघितलं तर त्या कागदावर माझं नाव दोनदा आहे. एकदा रिपोर्टेड बायपुढे, आणि एकदा काढून टाकलेल्या ओळींमध्ये, आधी वजाचं चिन्ह लावून. पूर्वी एकदाच होतं. यार्मिलाला दाखवलं. ती म्हणाली, चल आत, पायमोजे ओले होतायत.

आत टेबलावर वीबकेबाई बसल्या होत्या. खऱ्या. त्यांचं आणि सासूबाईंचं गेले सहा महिने मेलवर चाललंय, सासूबाईंनी नाताळला बोलावलं, आणि त्या ब्रेमेनहून दिवसभराची ट्रेन करून आल्या. बुटक्या आहेत, खूप हसतात. लिस्टवर हे कधी दिसलं नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ओताकर, तो कार्प खरंच टबमध्ये होता, मी काल आल्या आल्या बघितला.

मग बसायची वेळ आली. सासूबाई, सासरे, यार्मिला, वीबकेबाई. चार. मी उभा. मला घेतलं तर पाच, विषम, आणि वर्षभरात एक जण जाणार. सासूबाईंनी टेबलावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही तिकडे बसा. तिकडे म्हणजे राखीव ताटावर. त्या ताटाला मोजत नाहीत, त्यामुळे नियम मोडत नाही. वीबकेबाईंना हे फार पटलं.

मासा मोजून केला होता, राखीव ताटासाठी कोणी करत नाही. बटाट्याचं सॅलड मात्र भरपूर होतं. मध्ये उठता येत नाही, म्हणून सगळ्यांचं होईपर्यंत बसून राहिलो. सासऱ्यांनी हळूच त्यांच्या ताटातला माशाच्या शेपटीकडचा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, पोरा, तो बँड परत कधी लावतोस? मी म्हणालो, बघतो.

काउंटर दोनपासून सुरू करण्यात काही चूक नव्हती, हे आता तरी त्या दोघींना कळायला हवं होतं. राखीव ताट नसतं तर आज मी बसलो कुठे असतो?